दूरस्थ वर्गातील चर्चा आणि विद्यार्थ्यांच्या सहभागाचे मूल्यमापन

1. प्रास्ताविक

चर्चा हे अध्यापनाचे एक प्रभावी साधन आहे, ही गोष्ट सर्व शिक्षकांना मान्य आहे. चर्चेत मूल विचार करावयास शिकते, आपले म्हणणे नीट मांडावयास शिकते आणि दुसऱ्याचे म्हणणे संपेपर्यंत थांबावयासही शिकते. परंतु या गुणांचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न पूर्वीपासून अवघड आहे. लेखी उत्तर कागदावर राहते. बोललेला शब्द हवेत विरून जातो. वर्गात शिक्षक समोर उभे असल्यामुळे कोणते मूल विचारात आहे, कोणाचे ओठ हलले आणि कोण नुसतेच शेजाऱ्याकडे पाहत आहे, हे त्यांच्या नजरेस पडते. वर्ग मोबाईलवर गेला की हा आधारही सुटतो.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या आणि जून 2020 मधील नवे शैक्षणिक वर्ष बहुतेक ठिकाणी शाळेत मुले नसतानाच सुरू झाले. शहरी भागात पहिली ते सातवीचे वर्ग उघडण्यास डिसेंबर 2021 उजाडला आणि जानेवारी 2022 मध्ये ते काही काळ पुन्हा बंद ठेवावे लागले. या काळात हजारो शिक्षकांनी व्हॉट्सअॅपच्या गटावर किंवा गुगल मीटसारख्या साधनांवर वर्ग घेतले, प्रश्न विचारले आणि चर्चा घडविली. साथ ओसरली, तरी वर्गाचा गट बहुतेक ठिकाणी टिकून राहिला. अतिवृष्टीमुळे ठाणे जिल्ह्यातील शाळांना सुट्टी जाहीर होते, तेव्हा शिक्षक त्याच गटावर काम देतात. म्हणून या चर्चेतील सहभाग कसा पाहावा, कसा नोंदवावा आणि त्यास गुण कसे द्यावेत, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

2. प्रश्नाचे महत्त्व

प्राथमिक शाळेत तोंडी सहभागाचे गुण किरकोळ असतात, असे कोणी समजू नये. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचे तत्त्व सांगितले गेले. त्यानुसार महाराष्ट्रात 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन भाग करण्यात आले. आकारिक मूल्यमापनास पहिली-दुसरीसाठी 70 टक्के, तिसरी-चौथीसाठी 60 टक्के, पाचवी-सहावीसाठी 50 टक्के आणि सातवी-आठवीसाठी 40 टक्के भार ठरविण्यात आला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही त्याची साधने. पुढे पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेबाबत नियम बदलले. तथापि शिक्षकाच्या निरीक्षणास मिळालेले हे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे.

याचा अर्थ असा की, मुलाच्या प्रगतीचा मोठा भाग शिक्षकाच्या डोळ्यांवर आणि कानांवर अवलंबून असतो. मोबाईलवरील वर्गात हे डोळे व कान अर्धवट झाकलेले असतात. अशा वेळी शिक्षकाने जे दिसले तेवढेच मोजले, तर तो मुलाचा सहभाग न मोजता मुलाच्या घरातील फोन मोजतो. हा धोका काल्पनिक नाही. ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीनुसार शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण 2018 मध्ये सुमारे 36.5 टक्के, 2020 मध्ये 61.8 टक्के व 2021 मध्ये 67.6 टक्के होते. शिवाय 2021 मध्ये घरात फोन असलेल्या मुलांपैकी चतुर्थांशाहून अधिक मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

3. परिसराचा विचार

मीरा-भाईंदरचे उदाहरण घेतले तर हा मुद्दा स्पष्ट होईल. साष्टीच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीलगत वसलेले हे क्षेत्र मूळचे गावांचे. भाईंदर, मिरे, नवघर, गोडदेव, राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन, घोडबंदर ही त्यांपैकी काही गावे. 1985 मध्ये तेथे नगरपालिका व 2002 मध्ये महानगरपालिका झाली. आज तेथे उंच इमारती आहेत, त्याचबरोबर मिठागरे आहेत, उत्तनचा कोळीवाडा आहे आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला आदिवासी पाडेही आहेत. घरात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, मारवाडी, कोळी व आगरी बोली अशा अनेक भाषा बोलल्या जातात.

आता तीन मुले डोळ्यांपुढे आणावीत. पहिले मूल इमारतीत राहते. त्याला स्वतंत्र फोन आहे आणि प्रश्न आला की दुसऱ्या मिनिटाला ते उत्तर पाठविते. दुसरे मूल एका खोलीच्या घरात राहते. तेथे दोन भावंडांचा वर्ग एकाच वेळी असतो व फोन एकच. तिसरे मूल कोळीवाड्यातले. घरातील फोन वडिलांबरोबर होडीवर जातो आणि होडी परत येते ती भरती-ओहोटीच्या वेळेने, शाळेच्या वेळेने नव्हे. तिघांची बुद्धी सारखी असू शकेल, तिघांची उत्सुकताही सारखी असू शकेल. परंतु ‘ज्याने लवकर व पुष्कळ लिहिले, त्याचा सहभाग चांगला’ ही मोजपट्टी लावली की निकाल आधीच ठरून जातो. ग्रामीण शाळांतील परिस्थिती याहून वेगळी नाही. तेथे होडीच्या जागी वीटभट्टी, भाताची लावणी किंवा डोंगराआडचा पाडा असतो, इतकेच.

4. सहभाग म्हणजे काय?

मूल्यमापन करण्यापूर्वी ज्याचे मूल्यमापन करावयाचे ते काय आहे, हे ठरविले पाहिजे. पुढील गोष्टी म्हणजे सहभाग नव्हे:

(अ) हजेरी. ‘हो बाई’, ‘आलो सर’ किंवा अंगठ्याचे चित्र ही उपस्थितीची व सौजन्याची खूण आहे. ती हजेरीपत्रकात नोंदवावी, गुणपत्रकात नव्हे.

(आ) संदेशांची संख्या. दहा संदेश पाठविणारे मूल दहापट विचार करते, असे नाही.

(इ) चेहरा दिसणे. कॅमेरा बंद असणे हा दुर्लक्षाचा पुरावा नव्हे. घराची अडचण सर्वांना दिसू नये, असे मुलाला व त्याच्या आईला वाटणे स्वाभाविक आहे.

(ई) शुद्धलेखन. मोबाईलवर मराठी टंकणे मुलांना जड जाते. चर्चेत आशय पाहावा. लेखन तपासण्यास स्वाध्याय आहे.

(उ) बिनचूक उत्तर. चर्चेत चुकीचे बोलणारे मूलही चर्चेला पुढे नेऊ शकते. अचूकता चाचणीत पाहावी.

तर मग सहभाग कशात आहे? तो पुढील चार गोष्टींत आहे. पहिली, विषय: बोलणे प्रश्नाला धरून आहे काय? दुसरी, आधार: मुलाने स्वतः पाहिलेले काही किंवा एखादे कारण दिले आहे काय? तिसरी, दुवा: आधी बोललेल्या मुलाचे ऐकून, वाचून त्यास जोडून ते बोलले आहे काय? चौथी, भर: नवा मुद्दा किंवा नवा प्रश्न त्याने पुढे ठेवला आहे काय? या चार शब्दांची आद्याक्षरे वि, आ, दु, भ ही वहीत लिहिण्यास सोपी आहेत. प्रत्येक आढळलेल्या गोष्टीस एक खूण. अशा रीतीने एका चर्चेत जास्तीत जास्त चार खुणा होतात.

5. नमुना पाठ

इयत्ता पाचवी. विषय: परिसर अभ्यास. चर्चेचा प्रश्न: ‘मिठागरात मीठ उन्हाळ्यात तयार होते, पावसाळ्यात का होत नाही?’

शिक्षकांची पूर्वतयारी: भरतीचे पाणी उघाडीवाटे आगरात घेतात, ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवितात आणि उन्हाने व वाऱ्याने ते आटत जाते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात व त्यांत मिठाचाच भाग मोठा असतो. पाणी पुरेसे आटले की मिठाचे खडे धरतात. बाष्पीभवनाला उष्णता, वारा व कोरडी हवा लागते. पावसाळ्यात हवा दमट असते आणि पावसाचे पाणी पडून आटलेले पाणी पुन्हा पातळ होते.

प्रश्न सायंकाळी 7 वाजता गटावर ठेवला आणि उत्तरासाठी दोन दिवसांची मुदत दिली. पुढे दिलेली सहा मुलांची उत्तरे नमुन्यादाखल घेतली आहेत.

पहिल्या विद्यार्थ्याने तीन संदेश पाठविले: ‘हो बाई’, अंगठ्याचे चित्र आणि ‘छान प्रश्न’. खुणा: शून्य.

दुसऱ्याने पाठ्यपुस्तकातील सहा ओळी जशाच्या तशा उतरविल्या. मजकूर विषयाला धरून आहे. स्वतःचे मात्र काही नाही. खूण: वि. एकूण 1.

तिसऱ्याने लिहिले, ‘पावसाचे पाणी गोडे असते. ते आगरात पडले की सगळे पाणी गोडे होते.’ विधान पूर्ण बरोबर नाही. तथापि त्यात कारण शोधण्याचा प्रयत्न आहे. खुणा: वि, आ. एकूण 2.

चौथीने लिहिले, ‘गोडे होत नाही, खारटपणा कमी होतो. आमटीत पाणी घातले की मीठ कमी लागते, पण ती गोड होत नाही.’ तिने तिसऱ्याचे म्हणणे वाचले आहे, सौम्य शब्दांत दुरुस्त केले आहे आणि स्वयंपाकघरातील दाखला दिला आहे. खुणा: वि, आ, दु. एकूण 3.

पाचव्याने विचारले, ‘ढग आहेत, पण पाऊस पडला नाही, तर पाणी आटेल का?’ उत्तर दिले नाही. परंतु चर्चा पाण्याच्या खारटपणावरून हवेच्या स्थितीकडे वळविली. खुणा: वि, दु, भ. एकूण 3.

सहावी दोन दिवस गप्प होती. मुदत संपता संपता तिचा वीस सेकंदांचा ध्वनिसंदेश आला. तो तिच्या घरच्या बोलीत होता आणि मागे माणसांचा आवाज होता. तिचे सांगणे असे: आई बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकत घालते, ढग असले तरी वारा असला की ते थोडेफार सुकतात, पण वारा पडला आणि हवा ओली झाली की कुजतात, पाण्याचेही तसेच होत असेल. तिने पाचव्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले, घरचा अनुभव आधारास घेतला आणि तोवर कोणीही न काढलेला वाऱ्याचा मुद्दा मांडला. खुणा: वि, आ, दु, भ. एकूण 4.

आता संदेश मोजले असते, तर पहिल्यास सर्वांत जास्त गुण मिळाले असते. वेळ पाहिली असती, तर सहावी शेवटची ठरली असती. शुद्ध मराठी पाहिली असती, तर दुसरा सर्वांत पुढे गेला असता. वर्गातील सर्वांत उत्तम निरीक्षण ज्या मुलीने केले, तिच्या नावापुढे शून्य आले असते, आणि आपल्या घरची गोष्ट शाळेत सांगण्याजोगी नसते, एवढेच ती त्यातून शिकली असती.

चर्चेच्या अखेरीस शिक्षकांनी सर्व धागे एकत्र बांधावेत. तिसऱ्याची चूक तशीच राहू देऊ नये. चौथीच्या शब्दांतच ती दुरुस्त करावी. त्यामुळे एकाला चूक उमगते आणि दुसरीला मान मिळतो.

6. शून्य आणि रेघ

नोंदवहीत एक नियम कटाक्षाने पाळावा. संधी मिळूनही मुलाने काही केले नाही, तर शून्य लिहावे. संधीच मिळाली नसेल, तर शून्य न लिहिता आडवी रेघ ओढावी. शून्य ही मुलाची नोंद आहे. रेघ ही शिक्षकाने अजून पुरी न केलेल्या कामाची नोंद आहे.

हा भेद करावयाचा, तर कोणत्या मुलाकडे कोणत्या वेळी फोन असतो, हे आधी माहीत असले पाहिजे. म्हणून सत्राच्या प्रारंभीच वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना करावा: फोन स्वतःचा, घरातील सामाईक, केवळ रात्री मिळणारा किंवा मुळीच नाही. ही माहिती गटावर न विचारता पालकांस एकटे गाठून विचारावी.

रेघ भरून काढण्याचे मार्ग साधे आहेत. शाळेत मूल आले की मधल्या सुट्टीत तोच प्रश्न विचारून तीन मिनिटे बोलणे करावे. शाळा बंद असेल तर वस्तीवर जाऊन ओट्यावर चार मुलांचा गट बसवावा. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या परंपरेत याचा आदर्शच आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे सुरू केलेले कार्य 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. बोर्डी व कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. 2014 पासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून तेथे कुरणशाळा भरविण्यात आली. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यामागील तत्त्व. मूल्यमापनासही तेच लागू आहे.

7. प्रत्यक्ष ऑनलाइन तासातील दक्षता

सर्व मुले एकाच वेळी जोडलेली असतात, त्या तासात आणखी काही पथ्ये पाळावी लागतात.

प्रश्न विचारल्यावर थांबावे. अमेरिकेतील संशोधिका मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात असे दाखवून दिले की, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंदच थांबतात. हा अवधी तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरे लांबतात, न बोलणारी मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी होते. मोबाईलवर आवाज पोहोचावयास विलंब लागतो आणि मुलाला आपला आवाज सुरू करण्याचे बटण दाबावे लागते. म्हणून तेथे मनात सावकाश दहा अंक मोजावेत.

पाळीची यादी हाताशी ठेवावी. जे मूल बोलले त्याच्या नावापुढे टिंब द्यावे. तासाच्या मध्यास यादी पाहून टिंब नसलेल्या मुलांस नावाने, प्रेमाने बोलवावे. एकाच तासात सर्वांना बोलविणे शक्य नसते. पंधरवड्यात प्रत्येकाची पाळी यावी, इतके पुरे.

तास लांबवू नये. केंद्र सरकारच्या जुलै 2020 च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेत पहिली ते आठवीसाठी दिवसाला 30 ते 45 मिनिटांची दोन सत्रे, ही मर्यादा सुचविली होती. पहिली-दुसरीच्या मुलांच्या ऑनलाइन चर्चेस गुण देऊच नयेत. त्या वयात फोन आईच्या हाती असतो आणि उत्तरही पुष्कळदा तिचेच असते.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही पालकांनी सांगितलेले उत्तर येते. त्याबद्दल मुलाला दोष देऊ नये. ‘हे तुला कसे कळले?’ असा एकच पुढचा प्रश्न तोंडी विचारावा. उत्तर मुलाचे असेल तर ते खुलून सांगेल. नसेल तर निदान ते घरी जाऊन विचारील. दोन्ही प्रकारे लाभच आहे.

भाषेची मोकळीक ठेवावी. बोलीत, हिंदीत किंवा मिश्र भाषेत सांगितलेला विचार हा विचारच असतो. तो प्रमाण मराठीत पुन्हा सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

कोणाचेही गुण गटावर जाहीर करू नयेत. त्या गटावर सर्व पालक असतात आणि एका मुलाची उणीव शेजारीपाजारी चर्चेचा विषय होते.

8. गुणदान व वर्णनात्मक नोंद

महिन्यात चार चर्चा झाल्या असतील, तर चारही चर्चांची सरासरी काढू नये. प्रत्येक मुलाच्या उत्तम दोन चर्चा धराव्यात. चारपैकी दोन वेळा फोन न मिळालेल्या मुलाचे यामुळे नुकसान होत नाही. समजा, एका मुलीच्या खुणा 4, रेघ, 3, रेघ अशा आहेत आणि दुसऱ्या मुलाच्या 2, 3, 3, 1 अशा आहेत. पहिलीच्या उत्तम दोन चर्चांची बेरीज 7 व दुसऱ्याची 6 येईल. रेघांच्या जागी शून्य धरून सरासरी काढली असती, तर पहिलीस 1.75 व दुसऱ्यास 2.25 मिळून क्रम उलटा झाला असता.

गुणांबरोबर एका ओळीची वर्णनात्मक नोंद अवश्य करावी. ‘सहभाग चांगला’ किंवा ‘सुधारणा आवश्यक’ अशा नोंदी कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. ‘दुसऱ्याचे म्हणणे वाचून मगच उत्तर देते’, ‘घरच्या अनुभवाचा दाखला देते’, ‘कारण सांगते, प्रश्न विचारण्यास प्रोत्साहन हवे’ अशा नोंदींवरून पुढील इयत्तेच्या शिक्षकास मूल ओळखता येते.

9. समारोप

मूल्यमापनाचा हेतू मुलांची क्रमवारी लावणे हा नसून कोणत्या मुलास पुढे काय द्यावयाचे, हे जाणून घेणे हा आहे. वर्ग भिंतींच्या आत असो वा मोबाईलवर असो, हा हेतू बदलत नाही. साधन नवे आले की त्याबरोबर सोपी मोजमापेही येतात. यंत्र संदेश मोजून देते, वेळ सांगते, उपस्थिती दाखविते. परंतु वीस सेकंदांच्या आवाजात मुलाचा विचार ओळखण्यास शिक्षकाचाच कान लागतो, आणि जे मूल ऐकूच आले नाही, त्याची आठवण ठेवण्यास शिक्षकाचेच मन लागते.

केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

(1) आपल्या वर्गातील किती मुलांच्या हाती फोन केवळ रात्री येतो? त्यांच्यासाठी चर्चेची मुदत किती असावी?

(2) आपल्या गावातील व्यवसायावर आधारलेला, पाचवीच्या वर्गासाठी चर्चेचा एक प्रश्न तयार करा आणि त्याची पाच संभाव्य उत्तरे लिहून वि, आ, दु, भ या खुणा द्या.

(3) गेल्या सत्रातील नोंदवही पाहून, शून्य लिहिले आहे पण जेथे रेघ असावयास हवी होती, अशा जागा शोधा. त्या मुलांची संधी आता कशी भरून काढता येईल?